दातांच्या गाडीतलं गरम पाणी

मुंबईत नर्सिंगचं शिक्षण पुरं झालं तेव्हा माझी समजूत होती की आता एखाद्या मोठ्या इस्पितळात, पांढरी टोपी घालून, लांबच लांब वॉर्डातून फिरायचं. नेमणूक मिळाली ती एका डब्यात. डबा म्हणजे ट्रेलर. पत्र्याचा, पांढरा, जीपच्या मागे अडकवून ओढायचा. थंड मुलखातल्या कुठल्याशा देशातल्या दयाळू माणसांनी तो आपल्याकडच्या गरिबांच्या दातांसाठी बोटीने पाठवला होता. आत दात काढायची खुर्ची, दात कोरायचं विजेचं यंत्र, अवजारं उकळायचं भांडं, चूळ भरायला एक इवलासा नळ आणि थुंकायला त्याच्याखाली चिनी मातीचं वाडगं. डब्याच्या पोटाला दोन टाक्या होत्या, एक चांगल्या पाण्याची, एक सांडपाण्याची. वीज लागायची ती पुरवायला पेट्रोलवर चालणारा जनरेटर होता. तो सुरू झाला की आतल्या माणसाला बाहेरचं आणि बाहेरच्याला आतलं काही ऐकू येत नसे.

साठ साल उलटून थोडाच काळ झाला होता. डबा रत्नागिरी जिल्ह्यात दक्षिणेकडे फिरवायचा ठरलं, आणि मी मूळची मालवणाजवळच्या मसुऱ्याची, तिकडची भाषा येणारी, म्हणून माझं नाव पुढे आलं. डॉक्टर पुण्याचे होते. स्वतःचा दवाखाना मुलाच्या ताब्यात देऊन उतारवयात समाजसेवेला निघाले होते. हात हलका, बोलणं मोजकं, आणि उकाड्याचा त्रास भयंकर. तिसरा आमचा ड्रायव्हर. तो कोल्हापूरकडचा. जीप चालवणं, जनरेटर सांभाळणं आणि डब्यात जे काही बिघडेल ते दुरुस्त करणं अशी तिन्ही कामं त्याच्याकडे होती, आणि तिन्हींचा त्याला अभिमान होता.

महामार्गाने येताना नांदगावला आम्ही चहाला थांबलो, तर डब्याभोवती गर्दी जमली. दशावतारी नाटकाची मंडळी असतील आणि आत देवांची पेटी असेल, अशी लोकांची कल्पना झाली. एकाने आज कुठलं आख्यान आहे म्हणून विचारलंही. मी सांगितलं, दात काढायची गाडी आहे. गर्दी लगेच ओसरली.

मालवणात समुद्राजवळ, सुरूच्या झाडांच्या कडेला आम्ही डबा लावला. एप्रिल लागला होता. पत्र्याचा डबा आणि वर कोकणातला एप्रिल, तेव्हा आत काय होत असेल ते सांगायला नको. पहिल्याच दिवशी डॉक्टर घामाने इतके भिजले की पेशंटच्या अंगावर थेंब पडू नये म्हणून कपाळाला पंचा बांधून काम करत होते.

दुपारी जेवण झाल्यावर ते भिंतीवरच्या बटणांपाशी जाऊन उभे राहिले. तिथे बटणांची एक ओळ होती. प्रत्येकापाशी छोटा दिवा, आणि खाली काहीतरी लिहिलेलं. ती भाषा इंग्रजी नव्हती. कसली होती ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. पण शब्दांच्या जोडीला चित्रंही होती. दिव्याचं चित्र म्हणजे दिवा. भांड्यातून वाफ निघते आहे, म्हणजे अवजारं उकळायचं भांडं. एका बटणाखाली सहा टोकांची नाजूक चांदणी होती.

डॉक्टरांनी चष्मा वर करून ती न्याहाळली.

"सिस्टर, हे काय आहे सांगा."

"चांदणी आहे, डॉक्टर."

"चांदणी नाही. हा बर्फाचा कण आहे. मोठा करून पाहिला की असा दिसतो. बर्फ म्हणजे थंडी. म्हणजे हे काय झालं? आतली हवा गार करायचं बटण." ते प्रथमच हसले. "या लोकांनी सगळ्याचा विचार केला आहे हो."

त्यांनी बटण दाबलं. लाल दिवा लागला. आम्ही दोघं उभे राहिलो. वारा कुठून येत नव्हता. डॉक्टर म्हणाले, आपल्याकडचे पंखे खडखडाट करतात, यांचं यंत्र शांतपणे काम करत असेल, वेळ लागेल. अर्ध्या तासाने म्हणाले, "जरा फरक वाटतोय, नाही?" खोटं कशाला सांगू, मलाही वाटला. त्या दिवसापासून सकाळी जनरेटर सुरू झाला की डॉक्टर आधी ते बटण दाबायचे आणि मग हात धुवायचे.

पेशंट बरे येऊ लागले. आमच्याकडे मिसरी लावायची पद्धत, त्यामुळे किडक्या दातांना तोटा नव्हता. सकाळी येणारे शहाण्यासारखे खुर्चीत बसत, दात काढून घेत, चूळ भरत आणि कापूस चावत घरी जात. दुपारी येणारे मात्र विचित्र वागत. दात काढेपर्यंत गप्प बसत, आणि चूळ भरायची वेळ आली की पेला तोंडाला लावून दचकत. एका म्हाताऱ्याने चूळ सरळ डॉक्टरांच्या अंगावर टाकली. एक बाई पेला हातात घेऊन मला म्हणाली, "ह्या पाणी खंयच्या चुलीरचा गो बाय?"

मी पेल्यात बोट घातलं. पाणी चांगलं गरम होतं. डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "ऊन केवढं आहे, टाकी तापणारच." ते पटण्यासारखं होतं. मी आसपासच्या बायकांकडून माडाच्या पात्यांचे झाप विणून घेतले आणि ड्रायव्हरने डब्यावर आणि बाजूंनी ते बांधले. डबा आता लग्नाच्या मांडवासारखा दिसू लागला. पाणी होतं तसंच राहिलं. डॉक्टर म्हणाले, "आत मात्र पूर्वीपेक्षा गार वाटतंय," आणि चांदणीच्या बटणाकडे कौतुकाने पाहिलं. झापांचं श्रेय त्यांनी झापांना दिलं नाही.

याच दिवसांत काकी आमच्याकडे आली.

किनाऱ्यावर काकी म्हटलं की एकच बाई. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली की वाळूवर मासळीचे ढीग पडत, आणि त्यांचा लिलाव काकी करायची. तिचा नवरा गेल्यावर तिने ते काम अंगावर घेतलं होतं आणि पुढे कोणी तिच्याकडून ते काढून घ्यायचं धाडस केलं नाही. सगळी भिस्त तिच्या आवाजावर होती. ती ओरडू लागली की दोन होड्यांपलीकडच्या गिऱ्हाइकालाही भाव कळायचा. तिची मागची एक दाढ किडून गालाला सूज आली होती, तरी ती महिनाभर तशीच ओरडत होती. शेवटी दुखणं सोसवेना, तेव्हा एका दुपारी लिलाव आटोपून, पदर खोचलेलाच, ती डब्याच्या पायऱ्या चढली.

"डागतर बरो आसा मा गो?" तिने मला विचारलं.

"बरो आसा, काकी. हात हलको आसा."

डॉक्टरांनी तिची दाढ खरोखर सफाईने काढली. काकीने आवाज म्हणून केला नाही. मग ते नेहमीप्रमाणे म्हणाले, "चूळ भरा, चांगली भरा." काकीला आज्ञा पाळायची सवय नव्हती, पण डॉक्टरांची तिने पाळली. सूज म्हणून बधिर करायचं औषध तिला दुप्पट दिलेलं, गालाबरोबर ओठही बधिर, त्यामुळे पाणी किती गरम आहे ते तिला कळलंच नाही. एकामागून एक पेले तिने संपवले. मी दुसऱ्या पेशंटचं तोंड साफ करत होते. पाणी लालच्या लाल पडत होतं, पण दाढ मोठी होती, म्हणून मीही काही बोलले नाही. काकी कापूस चावत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर रापण आली आणि लिलाव झाला नाही. म्हणजे झाला, पण भलत्याच माणसाने केला, आणि बांगडा मातीमोल गेला. काकी वाळूवर उलट्या टोपलीवर बसून होती. तोंडात फडकं धरलेलं. रात्रभर रक्त थांबलं नव्हतं. तिला बोलता येत नव्हतं, पण हातवारे करता येत होते, आणि डब्याकडे बोट दाखवून ती जे करत होती ते कोणालाही कळलं असतं. बोलायचं काम तिच्या शेजारणीने केलं.

"दात काढतत आणि वरसून कडकडीत पाणी घालतत. कालवण करतत काय काय ता?"

त्या दिवशी एकही पेशंट आला नाही. डॉक्टर खुर्चीशेजारी उभे राहून अवजारं पुसत होते. पुसलेली पुन्हा पुसत होते. मी किनाऱ्यावरून ऐकून आलेलं सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी पंचा सोडला, बॅग उचलली आणि म्हणाले, "चला, तिच्या घरी."

काकीचं घर वाडीच्या टोकाला होतं. अंगणात सुकवायला मासळी घातलेली. आम्ही जाईपर्यंत ती घरी येऊन पडवीत भिंतीला टेकून बसली होती. डॉक्टरांना बघून तिने तोंड फिरवलं. डॉक्टर पुण्याचे, सोवळ्यातल्या घरातले. सुक्या मासळीच्या वासाने त्यांचा चेहरा बदलला, पण ते तिच्यापुढे सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "बाई, मला बघू द्या. माझ्या हातून झालंय, तर मलाच थांबवू द्या."

मी ते मालवणीत सांगितलं. काकीने माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं.

"पाणी आणा," डॉक्टर म्हणाले. मी कोपऱ्यातल्या मातीच्या घागरीतून गार पाण्याचा तांब्या भरून आणला. डॉक्टरांनी तिला ते तोंडात नुसतं धरायला लावलं, मग जखमेवर कापडाची घट्ट घडी बसवली आणि चावून धरायला सांगितली. आम्ही बसून राहिलो. काकीच्या कोंबड्या डॉक्टरांच्या बॅगेत डोकावत होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी घडी काढून पाहिली. रक्त थांबलं होतं.

डॉक्टर उठले नाहीत. त्यांनी तांब्यात बोट घातलं, मग आणखी एकदा घातलं.

"सिस्टर," ते म्हणाले, "काल हिने किती पाण्याने चुळा भरल्या?"

"पुष्कळ, डॉक्टर."

"आणि पाणी कडक होतं."

"हो."

"रक्ताची गुठळी धरायला लागते, आणि आपण ती गरम पाण्याने धुऊन टाकत होतो. विद्यार्थ्यालासुद्धा ठाऊक असतं हे. दाढ काढल्यावर गरम पाणी द्यायचं नाही." ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलत होते. "मी ऊन आहे, ऊन आहे म्हणत बसलो."

काकीला घडी चावून धरायची असल्याने बोलता येत नव्हतं. तिने मान हलवली. तिला सगळं समजलं होतं आणि सगळं मान्य होतं.

डब्याकडे परत येताना डॉक्टरांनी जाहीर केलं की पाणी का तापतं हे कळेपर्यंत आपण दात काढणार नाही. नाहीतरी काढून घ्यायला कोणी येत नव्हतंच.

मग आम्ही तिघे कामाला लागलो. ड्रायव्हरचं म्हणणं पडलं की जनरेटरचा गरम धूर टाकीला लागत असणार. त्याने जनरेटर लांब, सुरूच्या पलीकडे नेऊन ठेवला आणि तिथून तार ओढली. आवाज कमी झाला, त्यामुळे आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू येऊ लागलं. पाणी तापायचं थांबलं नाही. मग डॉक्टरांना संशय आला की अवजारं उकळायच्या भांड्यातलं पाणी उलट टाकीत जात असावं. ड्रायव्हरने ते भांडं सोडवून बाहेर काढलं आणि मी अवजारं स्टोव्हवर उकळू लागले. पाणी तापतच राहिलं. पाणी भरणारी बाई म्हणाली, विहीर बदलून बघा. विहीर बदलून बघितली. नव्या विहिरीचं पाणी जरा मचूळ होतं, आणि तेही तापलं.

एके दिवशी कणकवलीहून एस.टी.ने यायचा पेट्रोलचा डबा आला नाही. जनरेटर बंद. आम्ही सावलीत बसून होतो. दुपारी टळटळीत उन्हात मी हात धुवायला नळ सोडला, तर पाणी थंड. म्हणजे उन्हाने जेवढं कोमट व्हावं तेवढंच. मी डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी नळाखाली हात धरला आणि तसेच उभे राहिले.

"म्हणजे ऊन नाही. वीज आहे."

दुसऱ्या दिवशी पेट्रोल आलं आणि आम्ही बटणं तपासायला घेतली. रोज एक बटण बंद ठेवायचं आणि दुपारी पाणी बघायचं. दिव्याचं बंद ठेवलं, पाणी गरम. दात कोरायच्या यंत्राचं बंद ठेवलं, पाणी गरम. असं करत सगळी बटणं झाली. चांदणीचं तेवढं राहिलं.

"डॉक्टर, आता ते बंद करून बघू," मी म्हटलं.

"त्याचा काय संबंध? ते गार करतं."

"बाकीची सगळी झाली."

"सिस्टर, उकाड्याने मी आधीच अर्धा झालोय. जे थंडावा देतं तेच बंद करायचं?"

ड्रायव्हर दारात उभा होता. तो नम्रपणे म्हणाला, "सायेब, एक दिस कळ काढा की."

डॉक्टरांनी बटण बंद केलं. लाल दिवा विझला. ते लगेच पंचा फिरवून वारा घेऊ लागले आणि म्हणाले, "बघा, उकडायला लागलं." त्या दिवशी त्यांनी तीनतीनदा बाहेर जाऊन सावलीत श्वास घेतला. मलाही आत गुदमरल्यासारखं होत होतं. दुपारी मी नळ सोडला. पाणी गार होतं.

डॉक्टरांनी ओंजळीत पाणी घेतलं. मग त्यांनी ते तोंडावर मारलं, पुसलं नाही, आणि ड्रायव्हरला म्हणाले, "खाली जाऊन बघा. त्या बटणाची तार कुठे जाते?"

ड्रायव्हर हातात पाना घेऊन डब्याखाली सरपटत गेला. आधी खालून त्याचं बोलणं ऐकू येत होतं. तार सापडली म्हणाला. टाकीच्या तळाला एक चपटा तवा चिकटवलेला आहे, विजेने तापणारा, म्हणाला. सांडपाण्याच्या टाकीलाही तसाच आहे म्हणाला. मग एकदम गप्प झाला.

मी वाकून पाहिलं. तो उताणा पडून वर बघत होता. पाना छातीवर ठेवला होता.

"काय झालं? शॉक बसला काय?"

"न्हाई, ताई." तो तसाच पडून राहिला. "ह्ये माझंच काम हाय."

त्याने जे सांगितलं ते असं. डबा बोटीवरून उतरवल्यावर मुंबईत खात्याचे बडे साहेब तपासायला येणार होते. त्याआधी सगळं चालतं का ते बघायची जबाबदारी ड्रायव्हरवर होती. सगळी बटणं दाबली, सगळे दिवे लागले. चांदणीचा एक लागेना. त्याने खाली जाऊन तार शोधली. वाटेत एक छोटीशी डबी होती, आणि वीज तिच्यापर्यंत येऊन अडत होती; तार पुढे कुठे जाते ते त्याने पाहिलंच नाही. म्हणजे डबी बिघडलेली, असं त्याने ठरवलं. तशी दुसरी डबी मुंबईत मिळेना. साहेब तर सकाळी येणार. तेव्हा त्याने डबीला वळसा घालून तार सरळ जोडून टाकली. दिवा लागला. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली होती.

"डबी बिघडली नव्हती," डॉक्टर माझ्या पाठीमागून म्हणाले. ते कधी येऊन वाकले होते मला कळलं नव्हतं. "गारठा पडला की ती आपोआप वीज सोडत असणार, आणि ऊब आली की तोडत असणार. मुंबईत गारठा कुठून पडणार? ती आपलं काम चोख करत होती."

"पण टाकीला तवा कशापायी, सायेब?"

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याने झाप सळसळत होते, आणि त्यांच्या हनुवटीवरून घाम ठिबकत होता.

"पाणी गोठू नये म्हणून," ते म्हणाले.

कोणी हसलं नाही. ड्रायव्हर डब्याखालून बाहेर आला, उभा राहिला आणि मान खाली घालून म्हणाला, "माझ्यामुळं त्या बाईचं रगात गेलं. मोठ्या सायबास्नी कळवा. मी न्हाई म्हणायचा न्हाई."

"तुम्ही तार जोडलीत," डॉक्टर म्हणाले, "पण रोज सकाळी बटण मी दाबत होतो. चित्र ओळखलं मी बरोबर. बर्फच होता. फक्त तो आणायचा नव्हता, टाळायचा होता." मग त्यांनी ड्रायव्हरच्या खांद्यावरची वाळू झटकली. "जा, ती तार काढून टाका. आणि आज जेवण बाहेर करू, आत फार उकडतं."

तार निघाली. मी चांदणीच्या बटणावर चिकटपट्टीची फुली मारली. पण पेशंट यायला हवे होते, आणि त्यासाठी किनाऱ्यावर जाऊन खरं काय ते सांगायला हवं होतं. डॉक्टर म्हणाले, मी येतो, तुम्ही बोला.

लिलाव संपला होता. काकीचा आवाज परत आला होता, हे आम्हाला डब्यापर्यंत ऐकू येत होतंच. बायका टोपल्या भरत होत्या. मी सगळं सांगितलं: ही गाडी थंड देशातली आहे, तिकडे हिवाळ्यात टाकीतलं पाणी गोठून दगड होतं, ते होऊ नये म्हणून टाकीखाली तवा ठेवलेला, आणि तो चुकून इथे चालू राहिला. मालवणीत सांगताना ते आणखीच अशक्य वाटत होतं. बायका ऐकत होत्या. डॉक्टर हात जोडून शेजारी उभे होते.

काकीने टोपली खाली ठेवली.

"म्हणजे थंय पाण्याचो बर्फ जाता? आपसून?"

"आपसून जाता, काकी."

"आणि तो जाव नये म्हणान ते लाकडां जाळतत?"

"लाकडां नाय, वीज."

काकीने समुद्राकडे पाहिलं, मग समोरच्या मासळीच्या ढिगाकडे. मासळीसाठी, आमच्या भाषेत नुस्त्यासाठी, आमच्याकडे बर्फ लाँचीतून, भुशात घालून यायचा. येईपर्यंत निम्मा वितळायचा, आणि मे महिन्यात कितीतरी मासळी खतासाठी फेकावी लागायची.

"हंय बर्फ गावना नाय म्हणान आमचा नुस्ता कुसता," ती म्हणाली, "आणि थंय फुकट पडता तो नको म्हणान खटपट. सांग तुझ्या डागतराक, तेंका कागद घाल. दातांची गाडी कित्या धाडलास म्हणा, बर्फ धाडूचो होतो."

मी डॉक्टरांना ते मराठीत सांगितलं. त्यांनी गंभीरपणे ऐकलं आणि म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं." काकीला बहुधा वाद घालायचा होता. समोरचा माणूस एकदम कबूल झाल्यावर ती थोडी घुटमळली आणि दुसऱ्या बाजूची दाढही हल्ली ठणकते, असं म्हणाली.

दोन दिवसांनी ती आली, आणि तीही मुद्दाम भर दुपारी. मागोमाग निम्मी वाडी येऊन डब्याभोवती उभी राहिली. खुर्चीत बसण्याआधी काकीने नळ सोडला आणि पाण्यात बोट धरलं. मग पेला भरून तो डॉक्टरांपुढे केला.

"आधी तुमी."

डॉक्टरांनी पेला घेतला, चूळ भरली, वाडग्यात थुंकली आणि पेला परत दिला. काकीने दारातून बाहेर तोंड काढून सगळ्यांना सांगितलं, "थंड आसा!" मग खुर्चीत बसून तिने तोंड उघडलं. डॉक्टरांनी दाढ काढली. या खेपेला चूळ भरायला त्यांनी तिला सांगितलंच नाही. घडी बसवली आणि म्हणाले, "आज दिवसभर बोलायचं नाही." मी ते मालवणीत सांगितल्यावर बाहेरच्या लोकांत आनंदाची लाट उसळली.

मे महिनाभर आम्हाला उसंत मिळाली नाही. मध्ये एकदा खात्याचे साहेब पाहणीला आले. बटणांच्या ओळीपाशी थांबून त्यांनी चिकटपट्टीची फुली बघितली आणि हा दिवा का लागत नाही म्हणून विचारलं. डॉक्टर म्हणाले, "नीट काम करतो म्हणून लागत नाही." साहेबांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हर म्हणाला, "व्हय सायेब, आता दुरुस्त हाय." साहेब पुढचं काही विचारतील असं वाटलं होतं, पण डब्यात इतकं उकडत होतं की ते लगेच बाहेर गेले.

पाऊस तोंडावर आला तसा आम्ही मुक्काम आवरायला घेतला. डबा मसुऱ्याला नेऊन एका मांगरात, म्हणजे बागेतल्या कौलारू खोपटात, आडोशाला ठेवायचा होता. निघायच्या सकाळी काकी टोपली घेऊन आली. वर केळीचं पान झाकलेलं. मला वाटलं बांगडे असतील, आणि डॉक्टरांना आता काय सांगायचं याची मी जुळवाजुळव करू लागले. तिने पान काढलं. आत हापूस आंबे होते.

"तो नुस्ता खाणा नाय ता माका तेच दिवशी कळला," ती म्हणाली. "तो माझ्या पडवीत बसलो तेव्हा श्वास धरून बसलेलो. पण उठाक नाय तो."

मी ते डॉक्टरांना सांगितलं. त्यांना लाजल्यासारखं झालं. त्यांनी एक आंबा हातात घेतला, हुंगला आणि काकीला विचारलं, "आता बाकीचे दात कसे आहेत?"

काकीने तोंड उघडून दाखवलं. डॉक्टर तिथेच, जीपपाशी, सकाळच्या उन्हात तिचं तोंड तपासू लागले. ड्रायव्हरने जीप सुरू केली होती ती पुन्हा बंद केली.